ठकूच्या दाढेतला मामा

डॉक्टर मगदूमबाईंना एक खोड होती. मूल खुर्चीत बसलं की त्याचं तोंड उघडण्याआधी त्या आईबापांना विचारायच्या, "तुमच्या मते हिचे दात कसे आहेत?" जयसिंगपुरातले निम्मे आईबाप या एका प्रश्नावर नापास झाले होते. तरी बाई दर वेळी नव्या आशेनं विचारायच्या.

समृद्धी म्हणाली, "छान आहेत."

तिचा नवरा वरद म्हणाला, "चौगुल्यांचे दात आहेत, डॉक्टर. थोडी मोठी झाली की ऊस सोलेल."

"आ कर, ठकू," डॉक्टर म्हणाल्या.

ठकूनं आ केला. ती पाच वर्षांची होती आणि ठकू हे तिचं जन्मदाखल्यावरचं नाव होतं. त्या वर्षांत पणजीच्या पणजीची नावं पुन्हा फॅशनमध्ये आली होती. ठकूच्या बालवाडीत दोन धोंडू होते, एक भिकोबा होता आणि तीन ठकू होत्या. आर्या नावाची एकच मुलगी होती, तिला सगळे तिच्या जुनाट नावावरून चिडवायचे.

डॉक्टरांनी आत बघितलं, आरसा फिरवला, आणि हवामान सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "सात किडलेत."

"सात?" वरद म्हणाला. "पण एकूण किती असतात?"

"घरी बोलका ब्रश नाही का? हल्ली सगळ्यांकडं असतो."

"आहे की," समृद्धी म्हणाली. "पण त्याचा आवाज बंद केलाय आम्ही. रोज सकाळी तेच तेच. 'उजवी खालची दाढ, उजवी खालची दाढ.' आम्हाला वाटलं बिघडलाय."

"बिघडला नव्हता."

मग समृद्धीनं ते वाक्य म्हटलं, जे त्या खुर्चीशेजारी उभं राहून तिच्या आधी किती जणांनी म्हटलं होतं कोण जाणे. "पण दुधाचेच आहेत ना? पडणारच आहेत की."

डॉक्टर मगदूम साठीच्या होत्या. त्यांनी हातमोजे काढले. "तुम्ही पाहिलं नसेल, पण आमच्या लहानपणी एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. दुधाचा दात म्हणजे तो रुमाल. खालून पक्का दात चढेपर्यंत त्यानं जागा धरायची असते. रुमालच कुणी उचलून नेला तर पक्का दात येतो आणि दुसऱ्याच्या मांडीवर बसतो. शिवाय, रुमालाला दुखत नाही. हिला दुखतंय."

"दुखतंय का गं?" समृद्धीनं विचारलं.

"रोज," ठकू म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

*

घरी आल्यावर चौकशी सुरू झाली. समृद्धीच्या सासूबाई प्रियांकाताई हॉलमध्ये बसून आपल्या तरुणपणीच्या आठवणी काढत होत्या. मोबाईल कसा हातात धरावा लागायचा, आणि तो पडला की काळजात कसं धस्स व्हायचं. सात हा आकडा ऐकून त्या सरळ बसल्या.

"आमच्याकडं कुणाचे दात किडके नाहीत."

"मम्मी, तुमच्या तीन दाढांचं रूट कॅनॉल झालंय," समृद्धी म्हणाली.

"ते रूट कॅनॉल होतं. कीड नव्हती."

असल्या भांडणांना पूर्वी अंत नसायचा. सासर म्हणायचं माहेरचे दात, माहेर म्हणायचं सासरचं गोडधोड, आणि दोघांच्या मध्ये मूल गालाला हात लावून बसायचं. आता मात्र त्यावर यंत्र निघालं होतं. ते दिसायला इडलीपात्रासारखं होतं, त्याच्या प्रत्येक वाटीत एकेकानं थुंकायचं, आणि तासाभरात ते सांगायचं की मुलाच्या तोंडातली कीड कुणाच्या तोंडातून आली. शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञांचा हेतू चांगला होता. त्यांना रोगाचा प्रसार थांबवायचा होता. सासू आणि सून यांच्यामधल्या वादात पुरावा नावाची वस्तू आल्यावर काय होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले आणि प्रियांकाताई थुंकायला सगळ्यात पुढं होत्या.

"गंमत अशी आहे," निकालाची वाट बघताना डॉक्टर मगदूम सांगत होत्या, "की जन्मलेल्या बाळाच्या तोंडात दात किडवणारा जंतू नसतोच. त्याला राहायला कठीण जागा लागते. हिरडीवर तो टिकत नाही. पहिला दात वर आला की प्लॉट मोकळा झाला. मग बाळाचा घास ज्यानं चाखून बघितला, ज्याच्या चमच्यानं त्याला वरचेवर भरवलं, त्यांच्यापैकी कुणाचा तरी जंतू येऊन राहतो. बहुतेक वेळा आईचा. आणि एकदा राहिला की नंतर येणाऱ्याला दार उघडत नाही. साखर मिळाली की खायची, आम्ल सोडायचं, आणि त्या आम्लानं दात झिजवायचा, एवढंच त्याचं आयुष्य. पण प्रत्येक घराण्याचा जंतू जरासा वेगळा असतो. त्याची जनुकं वाचली की गाव कळतं."

यंत्र वाजलं. डॉक्टरांनी बघितलं, भुवया वर केल्या, पुन्हा बघितलं.

"आईचा नाही."

"बघा!" समृद्धी म्हणाली.

"वडिलांचा नाही. आजीचाही नाही."

"बघा!" प्रियांकाताई म्हणाल्या, पण मग त्यांच्याही लक्षात आलं की आता बघण्यासारखं कुणी उरलं नाही.

"मग कुणाचा?" वरदनं विचारलं.

"तिसऱ्याच कुणाचा तरी. जो हिला दीड-दोन वर्षांची होईपर्यंत वरचेवर भरवत होता."

परतताना गाडीत एकेक नाव निघालं. पाळणाघरातल्या बाईंवर संशय गेला, शेजारच्या निवृत्त जेलरवर गेला. प्रियांकाताईंनी तर स्वयंपाकघरातल्या भाकरी थापणाऱ्या यंत्रावरही संशय घेतला. समृद्धी मात्र खिडकीबाहेर बघत होती. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते आणि तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस चमच्यातली खीर ओठांना लावत होता.

*

तिचा दादा, सोहम, तीन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेला. कबड्डीचा पंच होता. कुरुंदवाडपासून इचलकरंजीपर्यंत एकही मैदान नव्हतं, जिथं त्याच्या शिट्टीवरून कुणी भांडलं नव्हतं.

त्याला लहानपणापासून एक सवय होती. समृद्धीच्या हातात काहीही आलं, गारेगार, कणीस, वाडीच्या पेढ्याचा तुकडा, की तो आधी स्वतः चाखायचा. गंभीर चेहरा करायचा, डोळे मिटायचा, गळा धरून जमिनीवर कोसळायचा, तडफडायचा, आणि मग एक डोळा उघडून म्हणायचा, "विष नाहीये. खा." पुढं ती बारावीला गेली तरी तो कोसळत होता. तिच्या लग्नात पंगतीत जिलेबी चाखून तो असा कोसळला की व्याह्यांनी अँब्युलन्स बोलावली.

घरी पोचल्यावर तिनं ठकूच्या उष्टावणाचं चित्रण भिंतीवर लावलं. सातवा महिना. खालचे दोन दात नुकतेच आलेले. बाळाला पहिला घास मामानं भरवायचा, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवायची, अशी पद्धत. दादा पाटावर बसला होता, नव्या सदऱ्यात, अंगठी चिमटीत धरून. त्यानं अंगठी खिरीत बुडवली, भाचीकडं नेली, थांबला. मग आधी स्वतः चाटली. डोळे मिटले. गळा धरला. आडवा झाला. बायका ओरडल्या. त्यानं एक डोळा उघडला आणि तीच अंगठी ठकूच्या तोंडात दिली. मग खिशातली शिट्टी काढून जोरात वाजवली आणि ठकूच्या नावावर एक गुण जाहीर केला.

त्यानंतर तो जाईपर्यंत दर रविवारी जयसिंगपूरला यायचा. ठकूच्या प्रत्येक घासाची विषपरीक्षा करायचा.

ती शिट्टी कुरुंदवाडला, माहेरी, त्याच्या फोटोपुढं होती. समृद्धी स्वतः जाऊन घेऊन आली. आईला म्हणाली, "जरा काम आहे." डॉक्टर मगदूमनी शिट्टीच्या तोंडातून वाळलेला एक कण खरवडला. "मेलेल्या जंतूचीही जनुकं वाचता येतात," त्या म्हणाल्या. तासाभरानं त्यांनी नुसती मान डोलावली. गाव जुळलं होतं.

"म्हणजे हे दादाचे?" समृद्धीनं विचारलं.

"हो."

"आणि जिवंत?"

"सात दात खाल्लेत," डॉक्टर म्हणाल्या. "चांगले धडधाकट आहेत."

"दर घास तर तो माझाही चाखायचा. मग माझ्या तोंडात का नाहीत?"

"तुमच्याकडं त्याच्या आधीच कुणीतरी राहायला आलं असेल. वडिलांचे असतील."

समृद्धीला रडू यायला हवं होतं. पण तिला, देव क्षमा करो, आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या दाढेचा हेवा वाटला.

*

उपाय होता. त्याचं नाव 'निवांत'. प्रयोगशाळेत घडवलेला त्याच जातीचा जंतू, फक्त स्वभाव बदललेला. हाही साखर खायचा, पण आम्ल सोडायचा नाही. खाऊन पडून राहायचा. आधी किडलेले दात साफ करून भरायचे, जुने जंतू धुऊन काढायचे, आणि रिकाम्या जागेवर निवांतचे थेंब सोडायचे. मग तो सगळी जागा व्यापायचा आणि जुन्यांपैकी कुणी मागं उरलं असेल तर त्यालाही संपवायचा.

"आम्लाऐवजी मग काय सोडतो?" प्रियांकाताईंनी विचारलं होतं.

"अगदी किंचित अल्कोहोल."

"पोरीच्या तोंडात भट्टी लावणार?"

"पिकलेल्या केळ्यात याहून जास्त असतं, आजी."

"मग केळीपण बंद," प्रियांकाताई म्हणाल्या.

थेंब पुण्याहून यायचे होते. दात भरायला तेव्हाच सुरुवात करायची, तोवर गोड बंद, ब्रश दोन वेळा, असं ठरलं. थेंब आले तेव्हा समृद्धीनं डॉक्टरांना कळवलं की ठकूला सर्दी आहे. पुढच्या तारखेला पाहुणे होते. त्याच्या पुढच्या तारखेला तिनं काहीच कारण सांगितलं नाही, नुसती गेली नाही. वरदनं विचारलं तर म्हणाली, "जरा थांबू या की. काय घाई आहे?" ती रात्री ठकूला झोपवताना तिच्या गालाला गाल लावायची आणि बराच वेळ तशीच राहायची. वरदला वाटायचं, लाड चाललेत.

खरी चूक तिनं फोनवर केली. आईला सांगून टाकलं.

आई, अश्विनी टीचर, यांनी कुरुंदवाडच्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं होतं. बाई भाबड्या नव्हत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले.

"जिवंत आहेत म्हणतीस?"

"होय."

"आणि खातात काय?"

"साखर," समृद्धी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई बॅग घेऊन जयसिंगपूरला हजर. "कंटाळा आला गं तिकडं," म्हणाली. "राहते जरा." बॅगेत दोन लुगडी आणि बाकी सगळी वाडीची कवठाची बर्फी होती. "प्रियांकाताईंना आवडते म्हणून आणली," असं तिनं सांगितलं. प्रियांकाताईंना मधुमेह होता.

*

पितृपक्ष आला. आईनं भात, वडे, खीर केली आणि पान गच्चीवर ठेवलं. कावळे जयसिंगपुरात उरले नव्हते म्हणून नगरपालिका त्या पंधरवड्यात एक कावळ्याच्या आकाराचा ड्रोन सोडायची. तो प्रत्येक गच्चीवर उतरून पानाला चोच लावायचा आणि पुढच्या गच्चीवर जायचा. लोकांची त्याला हरकत नव्हती, वेळेवर यायचा. पण आई त्याच्याकडं बघेना. ती पान ठेवून लगेच खाली आली.

समृद्धीला ते विचित्र वाटलं, पण तेवढंच. ठकूही तिला जरा गप्प वाटत होती. एका बाजूनं चावत होती. ब्रशचा आवाज समृद्धीनं आता चालू केला होता, आणि तो रोज आधीपेक्षा घाबऱ्याघुबऱ्या सुरात बोलायला लागला होता. एके सकाळी तो नुसता म्हणाला, "अरे देवा."

त्या दुपारी ऑफिसातून समृद्धी लवकर घरी आली. बाल्कनीत आईचा आवाज येत होता. आई कुणाशी तरी गप्पा मारत होती. निवांत, ओघानं, जुन्या माणसाशी बोलावं तशी.

"...तर शोभाताईच्या मुलीचं ठरलं बघ. मुलगा सांगलीचाच. तू असतास तर पंगतीत पडून दाखवलं असतंस. आणि ते मैदान आठवतंय का, माळभागातलं? तिथं आता पार्किंग झालंय रे. परवा त्यावरून चालत गेले, तर पाय उचलेना. वाटलं, आत्ता शिट्टी वाजेल..."

समृद्धी दारात गेली. ठकू स्टुलावर बसली होती. तोंड उघडं, मान मागं, दवाखान्यातल्यासारखी शहाणी. आई तिच्यापुढं वाकून थेट तिच्या तोंडात बोलत होती. खालच्या उजव्या दाढेवर कवठाच्या बर्फीचा एक नीट कापलेला चौकोनी तुकडा ठेवलेला होता.

"आई!"

आई दचकली नाही. ती सावकाश सरळ झाली. "मोठ्यानं बोलू नकोस. जेवतोय तो."

"आई, काय चालवलंयस तू हे?"

"श्राद्ध," आई म्हणाली. "वर तो पंख्याचा कावळा येतो. त्याला काय कळणार कोण आपलं, कोण परकं? इथं निदान पत्ता नक्की आहे."

"अगं, किडतायत तिचे दात! रोज देतीस तू हे?"

"दुधाचे आहेत."

"आई, दुधाचे असले तरी..."

"तू सांगू नकोस मला!" आईचा आवाज एकदम चढला. वर्गात सुद्धा तो कधी तेवढा चढला नव्हता. "तुझ्या लेकीचे दात पुन्हा येणार आहेत गं समू. सगळे येणार आहेत, एक न एक. माझा सोहम पुन्हा येणार आहे का? सांग की. तूसुद्धा तर तारीख पुढं ढकलत होतीस. मला वरदनं सांगितलंय. कशाला ढकलत होतीस? सर्दी होती होय?"

ते खरं होतं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या, दोघींच्या डोळ्यांत तोच एक माणूस, एक डोळा उघडून आडवा पडलेला.

स्टुलावरून ठकूनं तोंडातली बर्फी हातात काढली. "आजी," ती म्हणाली, "मामाला सांग ना."

"काय सांगू, बाळा?"

"चावू नको म्हणावं. मी त्याला रोज देते सगळं. तरी चावतो. काल लई चावला."

आईनं तिच्या गालाला हात लावला. गाल गरम होता आणि जरा सुजलेला. इतके दिवस त्याच गालाशी बोलत होती ती, पण हात आत्ता लावला.

"मग तू सांगितलं का नाहीस गं मला?" तिनं विचारलं.

"तू म्हणलीस, त्याला भूक लागलीय."

आई खाली बसली, बाल्कनीच्या फरशीवरच. बराच वेळ तिनं ठकूची पावलं धरून ठेवली. मग समृद्धीकडं न बघता म्हणाली, "पोरीला रडवलंय सोहमनं कधी? एकदा तरी?"

"नाही."

"मग कधीची तारीख मिळतीय बघ."

*

तारीख लगेच मिळाली. दाढ वाचली, जेमतेम, डॉक्टर म्हणाल्या. दोन-तीन खेपांत किडलेले दात साफ झाले, भरले गेले. ठकूनं सगळं सोसलं. इंजेक्शन सोसलं, घरघर सोसली. पण थेंबांचा दिवस आला, डॉक्टरांनी छोटी निळी बाटली हातात घेतली, आणि ठकूनं तोंड मिटून घेतलं.

"दुखत नाही हे," डॉक्टर म्हणाल्या. "नुसते थेंब आहेत."

ठकूनं मान हलवली. नाही.

वरदनं सायकल कबूल केली. प्रियांकाताईंनी केळी पुन्हा चालू करायचं कबूल केलं. समृद्धी गुडघ्यावर बसली. "काय झालं, ठकू?"

ठकूनं ओठ जेमतेम उघडून विचारलं, "मग मामा कुठं जाणार?"

पलीकडं नळाचं पाणी गुळण्यांच्या भांड्यात गरगर फिरत होतं. वरद छताकडं बघायला लागला. समृद्धीला ठाऊक होतं, मामा कुठंच जाणार नव्हता. संपणार होता. आणि पाच वर्षांच्या मुलीला, जी आपल्या मामाला घराबाहेर काढायला तयार नव्हती, हे सांगायची तिची छाती झाली नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही मघाशी म्हणालात, हिला जे कुणी भरवतात त्यांचीही तपासणी करायची. म्हणजे पुन्हा लागण नको म्हणून. माझी राहिलीय."

राहिली होती खरी. आई आयुष्यात दातांच्या डॉक्टरकडं गेली नव्हती. मीठ आणि तुरटी, बास. पहिल्या वेळी फक्त घरातल्यांनी थुंकून दाखवलं होतं, आणि समृद्धीचा जंतू जुळला नाही म्हटल्यावर तिच्या आईचा बघावा हे कुणाला सुचलंच नव्हतं. डॉक्टर मगदूमनाही नाही. त्यांनी आईकडं एकटक बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हलकेच हात मारला.

"थुंका," त्या म्हणाल्या.

मग एक तास सगळे तिथंच बसून राहिले. ठकू तोंड मिटून खुर्चीत. प्रियांकाताईंनी मोबाईल पडण्याची गोष्ट पुन्हा सांगितली आणि कधी नव्हे ते सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. यंत्र वाजलं. डॉक्टरांनी निकाल बघितला, आणि या वेळी तो मोठ्यानं सांगायच्या आधी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अश्विनीताई, हा तुमचाच आहे."

"कोण माझाच?"

"जंतू. ठकूचा, शिट्टीवरचा आणि तुमचा, एकच. मीच म्हणाले होते, बहुतेक वेळा आईकडून येतो. तुम्ही त्याला दिलात. त्यानं हिला दिला. समृद्धीताई वडिलांवर गेल्या, म्हणून आपण सगळे फसलो."

आईनं नकळत हात ओठांवर ठेवला. समृद्धीनं पाहिलं, ती जिभेनं आतून आपला एकेक दात चाचपत होती. काळोखात घरात फिरताना भिंतींना हात लावतात तशी. सहा दशकं त्याच तोंडानं ती बोलली होती, ओरडली होती, पाढे म्हणाली होती. सोहम पोटात असतानाही, तो गेल्यावरही.

मग ती उठली. ठकूच्या खुर्चीपाशी आली.

"ऐकलंस का? मामा माझ्याकडं आहे."

ठकूनं संशयानं तिच्याकडं बघितलं. आजीच्या शब्दावर विश्वास ठेवल्यानं तिची दाढ जवळजवळ गेली होती. ती आता सावध होती. ती डॉक्टरांकडं वळली. डॉक्टरांनी मान डोलावली.

"आधीपासून?" ठकूनं विचारलं.

"त्याचं घरच ते," आई म्हणाली. "तुझ्याकडं आला होता तो पाहुणा म्हणून. मामा म्हटल्यावर यायचाच. आता फार दिवस झाले बघ. घरी नको यायला?"

ठकूनं विचार केला.

"तुला चावेल तो."

"मी आई आहे त्याची. मला सवय आहे."

ठकूनं मान मागं टेकवली आणि आ केला. डॉक्टरांनी थेंब सोडले, डावीकडं, उजवीकडं, वर, खाली. काहीही दिसलं नाही, काहीही ऐकू आलं नाही. समृद्धी बघत राहिली, ओठांवर दात दाबून. ठकूनं ओठ मिटून जीभ फिरवली आणि म्हणाली, "केळ्यासारखं लागतंय." प्रियांकाताई दुसरीकडं बघायला लागल्या.

सगळे निघाले. वरदनं ठकूला उचललं. आई मात्र खुर्चीपाशीच घुटमळत होती. बाकीचे दारापर्यंत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर, माझे दात कसे आहेत?"

"तुमच्या मते कसे आहेत?"

"मला काय माहीत? कधी बघितलेच नाहीत." ती जरा थांबली. "पडले म्हणजे, तो जाणार ना?"

"दात नसले की त्याला राहायला जागा नाही. बरोबर."

"मग टिकवायचे कसे, सांगा."

डॉक्टर मगदूमनी तिला खुर्चीत बसवलं. आरसा आत घालून बराच वेळ बघितलं. दोन भरावे लागतील म्हणाल्या, बाकीचे ठीक आहेत. ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. रात्री झोपताना घासायचेच घासायचे, दर सहा महिन्यांनी यायचं. ठकूला तुमच्या चमच्यानं भरवायचं नाही. दारात उभी असलेली समृद्धी ऐकत होती. साठी ओलांडलेली तिची आई प्रत्येक वाक्याला पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान हलवत होती.

"आणि त्याला सारखं खायला घालायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "येता-जाता तर मुळीच नाही. फार तर दिवसातून एकदा, थोडं गोड, आणि तेही जेवणाबरोबर."

"चालेल की," आई म्हणाली. "तसाही तो जेवणाबरोबरच खायचा."